रबराची कडी

श्रोतेहो, विहिरीवरच्या पंपाला पाइप जोडताना मध्ये रबरी वायसर घालावा लागतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तो कडक पडला की जोडातून पाणी फुसफुसू लागते. आपण तसेच चार दिवस चालवून घेतो. फार तर थोडे पाणी वाया जाते. असल्याच एका रबरी कडीपायी अमेरिकेत सात माणसे प्राणांस मुकली. ती हकिकत आज सांगावयाची आहे.

२८ जानेवारी १९८६ रोजी फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उडाले. त्यातल्या सात जणांत, शिक्षकबंधुभगिनींनो, एक तुमच्यापैकीच होत्या. ख्रिस्ता मॅकऑलिफ या न्यू हॅम्पशायर राज्यातील शिक्षिका. अकरा हजारांहून अधिक अर्जांतून त्यांची निवड झाली होती. अंतराळातून त्या दोन पाठ देणार होत्या. म्हणून कितीतरी शाळांतून मुले दूरचित्रवाणीपुढे बसविली होती. ७३ सेकंदांत, त्या मुलांच्या डोळ्यांदेखत, यानाचे तुकडे झाले.

यानाच्या दोन अंगांना दोन प्रचंड अग्निबाण जोडलेले असत. एकेकाची उंची सुमारे ४५ मीटर. एवढी नळी अखंड कोण वाहून आणणार? ती तुकड्यातुकड्यांनी रेल्वेने आणून जोडीत, आणि आतला जाळ बाहेर फुटू नये म्हणून त्या सांध्यांत रबराच्या दोन-दोन कड्या बसवीत. इंधन पेटले की सांधा किंचित उघडे. त्याच क्षणी रबराने पसरून फट बुजवावयाची. पण थंडीत रबर ताठरते. त्या रात्री पारा गोठणबिंदूखाली गेला होता, मंचावर बर्फाच्या सुळ्या लोंबत होत्या. उजव्या बाणाच्या एका सांध्यातून जाळ निसटला तो थेट शेजारच्या इंधनटाकीवर.

आता हे कुणालाच ठाऊक नव्हते असे म्हणाल, तर तसे नाही. आधीच्या काही उड्डाणांतही कड्या करपलेल्या सापडल्या होत्या. आदल्या रात्री, बाण बनविणाऱ्या कंपनीचे इंजिनियर टेलिफोनवरून सांगत होते की, सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तपमानात उडवू नका. ‘नासा’चे अधिकारी त्रासले, आणि कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपल्याच माणसांचा सल्ला फिरविला. वास्तविक यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावयाचे. येथे उलट, ते बिघडेलच हे सिद्ध करा, असा आग्रह! काल याच नाड्याने मोट ओढली ना, मग आज कसा तुटेल, असे म्हणण्यासारखेच हे.

पुढे चौकशी झाली. मंडळातील पदार्थविज्ञानवेत्ते रिचर्ड फाइनमन यांनी भर सभेत त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडविला. चिमटा सोडला, तरी रबर लगेच पूर्ववत होईना. पेल्याभर पाण्यात सारा उलगडा! धोका किती, असे त्यांनी विचारले, तेव्हा वरिष्ठांचा अंदाज होता लाखात एक अपघात. इंजिनियरांचा, शंभरात एक.

१९८१ ते २०११ या काळात अशा यानांची १३५ उड्डाणे झाली, आणि दोन याने माणसांसकट गेली. दुसरे २००३ सालचे ‘कोलंबिया’. त्यात कर्नालची कल्पना चावला होती. उडतानाच टाकीवरच्या फेसाच्या लेपाचा तुकडा निसटून यानाच्या पंखावर आदळला होता. तसे तुकडे आधीच्या उड्डाणांतही निसटत असत.