मुलांच्या अंगणी वाद्यवृंद
मुळशीच्या मुलांना ढोल-ताशा, लेझीम परके नाहीत. मग वाद्यवृंद परका का राहावा? १९१८ च्या सुमारास मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीत अनाथ झालेल्या मुलांचा वाद्यवृंद उभारला. बंदुकीच्या नळ्यांतून नलतरंग घडविला. १९३६ साली मॉस्कोत प्रोकोफिएव्ह यांनी बालकांसाठी संगीतकथा रचली. तीत पक्षी बासरीतून बोलतो, लांडगा तीन हॉर्नमधून. एकाने मुलांना वाजते केले, दुसऱ्याने ऐकते. शाळेच्या प्रांगणातही वादकांनी आधी एकेक वाद्य ऐकवावे, मुलांनी ते हाताळावे, प्रश्न विचारावेत, टाळ्यांनी ठेका धरावा. मग सर्वांचा मेळ ऐकावा. दुसऱ्याचा सूर ऐकून आपला सूर लावण्याचा संस्कार ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटातून होत नाही. तो प्रत्यक्ष सहवासातूनच रुजतो.