पाण्याला वाट हवी





मातीची परिषद इथं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या शिरोळ तालुक्यात कशाला, असं काही जणांनी विचारलं. नदीकाठची काळी कसदार जमीन, बारमाही पाणी, जिकडंतिकडं ऊस! दुपारी आमच्याबरोबर शिवारफेरीला चला. हिरव्यागार फडांच्या मध्येच बोडकं पडलेलं रान दिसेल. ढेकळांवर मिठाचा पांढरा थर, आणि खोदलं तर हातभरावर पाणी. सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्वीइतकंच आहे, रानात मात्र कुसळही उगवत नाही.

ही जमीन पाण्यानं गेली. भारी काळ्या जमिनीत निचरा मुळातच सावकाश होतो. तिला आपण पाटानं भरमसाट पाणी पाजलं, ओघळी बुजवून सऱ्या ओढल्या. भूजल वर चढलं, त्याबरोबर क्षार आले. पाणी उन्हानं उडून गेलं, मीठ राहिलं. त्यात पाचट पेटवून सेंद्रिय कर्बाची राख केली आणि ती उणीव युरिया भरून काढेल असं मानलं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण जिवाणूंना जगवणारा पालापाचोळा त्यात नसतो.

२०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका आली, चांगलं झालं. पण पत्रिका एकेकाच्या नावाची आणि दुखणं अख्ख्या शिवाराचं. चोपण जमिनीत जिप्सम टाकलं की सोडियम सुटा होतो, पण तो धुऊन जायला वाट नसेल तर पैसे मातीत गेले. साधारण चार फुटांवर सच्छिद्र पाईप पुरून निचरा करता येतो; अशा जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या आहेत. अडचण वेगळीच आहे. माझ्या रानातलं खारं पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालूनच नाल्याला जाणार. बांधावरून कोर्टात गेलेली घरं पाईपसाठी एकत्र बसवणं, हे खोदकामापेक्षा फार अवघड आहे. आणि तेच पाणी पुढं नदीत उतरणार. खालच्या गावांचं काय, हेही कृषी विद्यापीठांतून आलेल्या शास्त्रज्ञांनी आज स्पष्ट सांगावं.

विकास सोसायटी, साखर कारखाना, पाटबंधारे आणि कृषी खातं आज एकाच मंडपात आहेत. संध्याकाळच्या सत्रात शिवाराचा गटवार नकाशा मांडू. मुख्य चर कोणाकोणाच्या गटातून जाणार, तेवढं ठरवूनच उठूया.