विद्यार्थी कीं नोकर ?

पेशवाईंत दरसाल श्रावणमासीं पुण्यास विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. इंग्रजी अंमलांत तिचें स्वरूप पालटलें, रक्कम आटली, आणि तिच्यांतील कांहीं भाग पुढें कॉलेजांतील हुशार विद्यार्थ्यांस ‘दक्षिणा फेलो’ नेमण्याकडे लावण्यांत आला. फेलोनें आपला अभ्यास चालवावा आणि खालच्या वर्गांस थोडेंफार शिकवावें, अशी ती दुहेरी योजना होती. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही याच पायरीवरून वर गेले. तेव्हां अर्धा शिष्य आणि अर्धा गुरु असा हा मनुष्य महाराष्ट्रास नवा नाहीं. आज पुण्यामुंबईचा मुलगा अगर मुलगी उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस जाते आणि ‘टीचिंग असिस्टंट’ नेमल्याची वार्ता घरीं येते, तेव्हां फीचा भार उतरला म्हणून वडील माणसांस आनंद होतो. तो रास्तच आहे. परंतु त्या नेमणुकीनें कोणतीं कामें गळ्यांत पडलीं आणि कोणते हक्क हातीं आले, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं.

अमेरिकेंतील मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या वर्गास दोन-तीनशें विद्यार्थी असणें ही नित्याची गोष्ट होय. प्राध्यापक व्यासपीठावरून व्याख्यान देऊन जातो. नंतर त्या समुदायाच्या लहान लहान तुकड्या पडतात, आणि एकेक तुकडी एकेका साहाय्यकाच्या स्वाधीन होते. उदाहरणें सोडवून दाखवावयाचीं, प्रयोगशाळेंत हात भाजूं नयेत म्हणून लक्ष ठेवावयाचें, ठरलेल्या वेळीं खोलींत बसून शंका फेडावयाच्या, आणि सर्वांत मोठें काम म्हणजे उत्तरपत्रिका तपासावयाच्या. ज्यानें शाळेंत वह्यांचे गठ्ठे घरीं वाहून नेले आहेत, त्यास या शेवटच्या कामाचें वजन सांगावयास नको. पहिल्या दहा वह्यांस जो न्याय मिळतो, तोच मध्यरात्रीं उघडलेल्या साठाव्या वहीस मिळाला पाहिजे; साहाय्यकाच्या कर्तव्याची खरी कसोटी येथें लागते. नांवें झांकून तपासणें, आणि सबंध गठ्ठ्यांतील एकच प्रश्न प्रथम संपवून मग दुसऱ्यास हात घालणें, या दोन संवयींनीं पुष्कळसा पक्षपात आपोआप टळतो.

गुणांविषयीं तेथें आणखी एक बंधन आहे. 1974 च्या एका कायद्यान्वयें विद्यार्थ्याचे गुण त्याच्या संमतीवांचून इतरांस सांगतां येत नाहींत. विद्यापीठांतील विद्यार्थ्याच्या पालकांसही सामान्यतः हाच नियम लागू पडतो. आपल्याकडील बापास हें चमत्कारिक वाटेल, परंतु साहाय्यकानें तें पाळलेंच पाहिजे.

आतां हक्कांकडे वळावें. वेतन, फीची माफी, पुष्कळ ठिकाणीं आजारपणाचा विमा, आणि कामाच्या तासांची मर्यादा हे मुख्य होत. अर्ध्या वेळाची नेमणूक म्हणजे आठवड्यास साधारणपणें 20 तास. परदेशी विद्यार्थ्याच्या परवान्याचीही अट अशी कीं, सत्र चालू असतां विद्यापीठाच्या आवारांत 20 तासांहून अधिक काम करूं नये. कागदावर 20 आणि प्रत्यक्षांत 30 असा प्रकार परीक्षेच्या हंगामांत घडला, तर हा विद्यार्थी दोन्हीकडून कैचींत सांपडतो : तास लिहावे तर परवान्याची भीति, न लिहावे तर फुकटची मजुरी. याकरितां प्रत्यक्ष लागलेल्या तासांची टांचणवही पहिल्या आठवड्यापासूनच ठेवावी आणि मर्यादा ओलांडण्यापूर्वीं प्राध्यापकास लेखी कळवावें. तोंडी कुरकुरीचा उपयोग होत नाहीं.

परंतु हे हक्क सनदेसारखे आयते मिळाले नाहींत. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील साहाय्यकांनीं 1966 सालीं आपला संघ स्थापिला आणि 1970 च्या वसंतांत संप करून पहिला लेखी करार पदरांत पाडून घेतला. खाजगी विद्यापीठांचा प्रश्न मात्र तेथील राष्ट्रीय मजूर-संबंध मंडळाकडे गेला, आणि त्या मंडळाच्या निकालांचा इतिहास म्हणजे घड्याळाच्या लंबकाची गति आहे. 1972 सालीं निकाल झाला कीं, हे मुख्यतः विद्यार्थी होत. 2000 सालीं न्यूयॉर्क विद्यापीठाच्या खटल्यांत ते नोकर ठरले. 2004 सालीं ब्राउन विद्यापीठाच्या खटल्यांत पुनः विद्यार्थी झाले. अखेर 2016 च्या ऑगस्टांत कोलंबिया विद्यापीठाच्या खटल्यांत मंडळानें तीन विरुद्ध एक मतानें सांगितलें कीं, एकच मनुष्य एकाच वेळीं विद्यार्थी आणि नोकर असूं शकतो. पन्नास वर्षांपूर्वीं हीच गोष्ट कोणत्याही साहाय्यकाच्या खोलींत डोकावून पाहिली असती तरी दिसली असती !

सरकारी विद्यापीठांस त्या त्या राज्याचा कायदा लागू. म्हणूनच विस्कॉन्सिनमध्यें 2011 च्या कायद्यानें सरकारी नोकरांचा सामुदायिक कराराचा हक्क बहुतांशीं हिरावून घेतला, तेव्हां त्या जुन्या संघाच्याही हातचा करार गेला. उलटपक्षीं कॅलिफोर्निया विद्यापीठांत 1922 नव्हे, 2022 च्या नोव्हेंबरांत सुमारें 48,000 साहाय्यक व संशोधक कामावरून उठले, आणि डिसेंबरअखेर झालेल्या करारानें अर्ध्या वेळाच्या साहाय्यकाचें किमान वार्षिक वेतन सुमारें 23,000 डॉलरांवरून 2024 पर्यंत टप्प्याटप्प्यानें सुमारें 34,000 डॉलरांवर नेण्याचें ठरलें. घरभाड्याच्या ओझ्यानें तेथील तरुण मेटाकुटीस आले होते, हें त्या संपाचें एक मोठें कारण होय.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. 1995 च्या अखेरीस येल विद्यापीठांतील साहाय्यकांनीं संघास मान्यता मिळावी म्हणून सत्राचे गुणच अडवून धरले. विद्यापीठ नमलें नाहीं, आणि जानेवारींत तो प्रयत्न फसला. साहाय्यकांची मागणी न्याय्य होती. तेथील संघास पुढें 2023 सालीं निवडणुकींत प्रचंड बहुमत मिळालें, यावरून तें उघड होतें. तथापि ज्या मुलाचे गुण अडले, त्याचा या भांडणांत अपराध काय ? व्याख्यान बुडाल्यास तें पुनः देतां येतें, परंतु गुणपत्रकावांचून एखाद्याचा पुढील प्रवेश हुकला तर तो भरून येत नाहीं. साहाय्यकाचें उत्तर असें कीं, त्याच्या हातीं दुसरें हत्यारच नाहीं. या उत्तरांत तथ्य आहे, आणि तरीही तें ऐकून शिक्षकाच्या मनास टोंचणी लागल्यावांचून राहात नाहीं.

वेतन हातीं ठेवणाराचेंही असेंच एक हत्यार असतें. रानड्यांच्या चरित्रांत प्रसिद्ध गोष्ट आहे. विद्यार्थीदशेंत त्यांनीं एका निबंधांत इंग्रजी राज्याची मराठी राज्याशीं तुलना करून इंग्रजी राज्यावर टीका केली, तेव्हां प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनीं त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद ठेविली. ग्रँटसाहेब एरव्हीं रानड्यांच्या बुद्धीचे चाहते. तरी दाद मागावयास वरती कोणी नव्हतें. आजच्या करारांत तक्रारीची रीत, तिची मुदत आणि तिऱ्हाइताचा निवाडा हीं कलमें असतात, तीं याच कारणास्तव.

आपल्याकडे पवईच्या आयआयटींत व तिच्या भगिनीसंस्थांत एम. टेक. च्या शिष्यवृत्तिधारकांकडून आठवड्यास साधारण आठ तासांचें असें साहाय्य घेतलें जातें. तेथेंही नेमणुकीचें पत्र हातीं येतांच तीन गोष्टी पाहून घ्याव्यात : तास किती, कोणाच्या हुकमतीखालीं, आणि तक्रार नेमकी कोणाकडे. पत्रांत त्या नसतील, तर सही करण्यापूर्वीं लेखी विचारून घ्याव्यात.