तीनदा नाकारलेली सनद



संसदीय लोकशाहीचे माहेर म्हणून ब्रिटनचा गौरव होतो. परंतु ज्या श्रमिकांच्या घामावर तेथील औद्योगिक क्रांती उभी राहिली, त्यांना त्या संसदेचे दार दीर्घकाळ बंदच होते. १८३२च्या सुधारणा कायद्याने मध्यमवर्गास मताधिकार लाभला. त्या कायद्यासाठी रस्त्यावर उतरलेला कामगार मात्र मालमत्तेच्या अटीमुळे बाहेर राहिला.

या वंचनेतूनच १८३८ मध्ये ‘जनतेची सनद’ प्रसिद्ध झाली. तिच्या मसुद्यात विल्यम लव्हेट या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराचा मोठा वाटा होता. मागण्या सहा : प्रत्येक प्रौढ पुरुषास मत, गुप्त मतदान, समान मतदारसंघ, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट रद्द, खासदारांना वेतन आणि दरवर्षी निवडणूक. या मागण्या एकमेकींत गुंफलेल्या होत्या. मत मालकादेखत द्यावे लागले, तर ते स्वतंत्र कसे राहणार? आणि वेतनच नसेल, तर विणकराने संसदेत बसावे कसे?

१८३९ मध्ये सुमारे १२ लाख ८० हजार स्वाक्षऱ्यांचे निवेदन संसदेने फेटाळले. त्याच वर्षी न्यूपोर्ट येथे सैनिकांच्या गोळीबारात वीसहून अधिक आंदोलक ठार झाले. १८४२ मध्ये ३३ लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या जमल्या; पुन्हा नकार! १८४८च्या निवेदनात तर खोट्या सह्या आढळल्या आणि चळवळ उपहासाचा विषय ठरली. त्यानंतर ती ओसरली.

चळवळ ओसरली, विचार नव्हे. १८५८ मध्ये उमेदवारांवरील मालमत्तेची अट गेली, १८६७ मध्ये शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गास मत मिळाले, १८७२ मध्ये गुप्त मतदान आले, १९११ मध्ये खासदारांना वेतन सुरू झाले. १९१८ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार लाभला. स्त्रियांना मात्र समान मताधिकारासाठी १९२८ पर्यंत थांबावे लागले. वार्षिक निवडणूक वगळता सनदेचे सारे कलम कालांतराने मान्य झाले.

भारताच्या दृष्टीने एक योगायोग लक्षणीय आहे. १८४२चे निवेदन संसदेत मांडणारे थॉमस डंकोम्ब हे लंडनच्या फिन्सबरीचे खासदार होते. पन्नास वर्षांनी, १८९२ मध्ये, त्याच परिसरातील सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाई नौरोजींना संसदेत पाठविले. विस्तारलेल्या मताधिकारातून पारतंत्र्यातील भारताचा आवाज वेस्टमिन्स्टरमध्ये पोहोचला.

स्वतंत्र भारताने १९५१-५२च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत दिले. ज्या अधिकारासाठी इतरत्र पिढ्या झिजल्या, तो मतदानाच्या दिवशी घरी बसून वाया घालवणे म्हणजे त्या अनाम श्रमिकांचीही उपेक्षाच होय.