स्पॅनिश रियालची पारख
(हुबळी येथील महाजन-मेळाव्यात केलेले भाषण)



देवस्थानच्या भांडारातील जुन्या नाण्यांची यादी व्हावयाची आहे. त्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी नाणकशास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य कारकुनीत गेले. कारकुनीने एक सवय मात्र लावली: जे पाहिले तेवढेच लिहावे आणि जे लिहिले त्याखाली निःशंकपणे सही करावी. आजचा विषय त्या सवयीशीच निगडित आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची मूळ घरे गोमंतकात. घर दुरुस्तीस काढले की भिंतीच्या पोकळीत वा देवघरातील पेटीत एखादे थोराड रुप्याचे नाणे हाती लागते आणि 'स्पॅनिश डॉलर सापडला' अशी वार्ता नातलगांत पसरते. अशा एका नाण्यावरून भावाभावांत वाटणीचा तंटा उभा राहिलेला मी पाहिला आहे. ते नाणे खरे की खोटे, एवढा साधा प्रश्न मात्र तोवर कोणीच विचारला नव्हता!

हे नाणे आपल्याकडे यावे यात नवल नाही. मेक्सिकोची टांकसाळ १५३५ मध्ये स्थापन झाली आणि पोटोसीची रुप्याची खाण १५४५ मध्ये उघडकीस आली. तेथील आठ रियालचे नाणे जगभर चालले. लिस्बनच्या जहाजांतून ते गोव्यास येई. आकापुल्कोहून मनिला व तेथून मकाव अशा वाटेनेही पूर्वेकडील व्यापारात शिरे. पोर्तुगीज त्यास 'पताका' म्हणत. मकावच्या चलनाचे नाव आजही तेच आहे. इंग्रज कंपनीही हिंदुस्थानातील कापड खरेदण्यासाठी हेच रुपे आणी. कारवारच्या वखारीस माल पुरविणारी आपली हुबळी त्या व्यापारात होती. १६७३ मध्ये मराठ्यांनी हुबळी लुटली तेव्हा कंपनीची येथील वखारही त्या लुटीत सापडली. तात्पर्य, असे नाणे आपल्या घरी असणे संभवनीय आहे. परंतु संभव म्हणजे पुरावा नव्हे.

पारख करताना दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत: नाणे खरे आहे काय, आणि धातू खरा आहे काय? आपल्या गृहिणींच्या पुतळ्यांच्या माळेचेच उदाहरण घ्या. मूळची पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकॅट नाणे. आपल्या सोनारांनी त्याच्या प्रतिकृती केल्या. लॅटिन अक्षरे ठाऊक नसल्याने लेखाच्या नुसत्या रेघोट्या उरल्या. सोने चोख, परंतु नाणे व्हेनिसचे नव्हे. याच्या उलट प्रकार पोटोसीस घडला. १६४० नंतरच्या दशकात तेथील टांकसाळीतच रुप्यात हीण मिसळले गेले. चौकशी होऊन १६५० मध्ये गोमेझ दे ला रोचा या धनाढ्य रुपे-व्यापाऱ्यास देहदंड झाला आणि १६५२ मध्ये नाण्याचा छापच बदलावा लागला. तेथे नाणे टांकसाळीचे, पण रुपे खोटे!

आता प्रत्यक्ष परीक्षा. आपल्या घरी सापडण्याचा अधिक संभव राजाच्या मुखवट्याच्या नाण्याचा. म्हणून त्याचेच प्रमाण सांगतो. वजन सुमारे २७ ग्रॅम, व्यास सुमारे ३९ मिलिमीटर, रुपे हजारात सुमारे ९००. झिजलेले नाणे किंचित हलके भरते. माळेसाठी कडी डाखलेली असल्यास जड भरते. चुंबकास चिकटले तर पुढे जाण्याचे कारणच नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. सोनाराच्या बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावे. तळास वा काठास टेकू देऊ नये. काटा जो आकडा दाखवील त्याने नाण्याच्या वजनास भागावे. उत्तर १०.३ च्या आसपास यावे. म्हणजे २७ ग्रॅमच्या नाण्यास आकडा २.६ येईल. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असल्यास तो ३ च्या वर जातो. तथापि शिसे व कथील यांच्या मिश्रणानेही हा आकडा साधता येतो. म्हणून एकाच परीक्षेवर निर्णय देऊ नये.

तिसरी परीक्षा कडेची. मेक्सिकोच्या या नाण्यांच्या कडेवर वर्तुळ आणि चौकट एकाआड एक उमटविलेली असते. हे काम दोन पट्ट्यांमध्ये नाणे फिरवून होई. त्यामुळे समोरासमोरच्या दोन ठिकाणी नक्षी एकमेकींवर चढलेली दिसते. कडेभोवती सलग सांधा असेल, किंवा पृष्ठावर बुडबुड्यांसारखे बारीक खळगे असतील, तर नाणे साच्यात ओतलेले समजावे.

चौथी परीक्षा लेखाची. लिसेंवात कानांवर पडलेले लॅटिन येथे माझ्या कामी आले. एका बाजूस 'कारोलुस, देइ ग्राशिया', म्हणजे देवाच्या कृपेने कार्लोस. दुसरीकडे 'हिस्पान एत इंद रेक्स', म्हणजे स्पेन व इंडीजचा राजा. अमेरिकेतील टांकसाळींच्या रुप्याच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा १७७२ पासून आला. त्यापूर्वी मेक्सिकोत १७३२ पासून दोन स्तंभांचे नाणे पडत असे. मुखवटा आणि साल १७५० असा संयोग दिसल्यास नाणे खोटे. तिसरा कार्लोस १७८८ च्या डिसेंबरात वारला. वार्ता समुद्रापार जाण्यास काळ लागला, त्यामुळे १७८९ च्या नाण्यावर त्याचे नाव चालेल; १७९८ च्या नाण्यावर चालणार नाही.

सराफांच्या ठशांवरून मात्र फसू नये. ठसा म्हणजे पूर्वी कोणीतरी पारखल्याची खूण खरी. पण ज्याने नाणे बनविले त्यास ठसाही बनविता येतो. 'पाया खणताना हंडा सापडला' असे कुजबुजत नाणी विकणाऱ्याचे तर ऐकूही नये.

भगिनींना विशेष विनंती: चिंच, राख वा रांगोळी लावून जुने नाणे घासू नका. कानस व तेजाबही नको. काळिमा हा नाण्याचा पुरावा आहे. तो गेला की परत येत नाही. तसेच, भूमीत दडलेले द्रव्य सापडल्यास ते लपवू नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरतात व परदेशी पाठविता येत नाहीत.

शेवटी आपल्या यादीविषयी. कोणी म्हणतील, पूर्वजांनी श्रींस वाहिलेल्या वस्तूची परीक्षा कशाला? माझे नम्र मत असे की, अर्पण करणाऱ्याचा भाव काट्यावर चढत नाही. नाणे खोटे निघाले तरी तो उणा होत नाही. परंतु भांडाराची वही ही विश्वस्तांची साक्ष आहे. आज खोट्यास खरे लिहिले तर उद्या खऱ्या नाण्याच्या जागी खोटे ठेवणाऱ्यास आपणच वाट करून दिली असे होईल. म्हणून प्रत्येक नाण्यापुढे कोरडे वजन, पाण्यातील आकडा, कडेचे वर्णन, लेख, साल आणि दात्याचे घराणे नोंदवावे, छायाचित्र जोडावे, व निर्णय न झाल्यास 'अनिर्णित' असे स्पष्ट लिहावे. त्या शब्दात कमीपणा नाही. पुढील पिढीतील एखादा जाणता तो पुसून निर्णय लिहील.

हे कार्य श्रींच्या कृपेने सिद्धीस जावो, अशी प्रार्थना करतो.