पल्सरवाला आणि यवतमाळची पोरगी

(दहावी २००१च्या तुकडीच्या पंचवीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं, "शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू एखादी प्रेमकथा सांग." आपल्या वर्गात प्रेमकथा कमी नव्हत्या, पण बहुतेक एकतर्फी. काही तर त्या मुलींना अजूनही माहीत नाहीत. म्हणून शेवटपर्यंत पोचलेली एक निवडली. दोघंही इथेच बसले आहेत. नावं घ्यायची नाहीत, या अटीवर परवानगी मिळाली. तिनं ती दोन मिनिटांत दिली, त्यानं दोन दिवस घेतले.

त्याला तुम्ही ओळखालच. शेवटचा बाक, आणि वर्गापेक्षा वर्गाबाहेर जास्त उभा. आपण दहावी झालो त्याच वर्षी, २००१च्या नोव्हेंबरात, बजाजची पल्सर बाजारात आली. आपल्या निगडी-आकुर्डीच्या पोरांना तिचं भारी कौतुक, कारण ती इथलीच, चाकणची. ही गाडी पुरुष आहे, असं तिच्या जाहिरातीत ठासून सांगितलेलं असायचं. आपल्या गड्यानं ते फारच मनावर घेतलं. भोसरीच्या वर्कशॉपातल्या पगारातून त्यानं २००६ साली जुनी पल्सर घेतली. मे महिन्यातही काळं जर्किन, टाकीवर कवटीचं स्टिकर आणि बदलून बसवलेला सायलेन्सर. तो गल्लीच्या तोंडाशी आला की शेवटच्या घरातलं तान्हं बाळ रडायला लागायचं.

ती २००७मध्ये यवतमाळ जिल्ह्यातून आली. आयटीआय झालेली, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर. नाणेकरवाडीत एका खोलीत पाच जणी राहायच्या. बोलणं इतकं मऊ की समोरच्याला वाटावं, हिला कोणीही फसवील.

२००८च्या पावसाळ्यात नाशिक रस्त्यावर याच्या गाडीची चेन उतरली. कारण सरळ होतं. गाडी पुसायला रोज एक तास, पण चेनकडे बघायला वर्षात एक मिनिट नाही. हा भिजत चेन चढवतोय, शेजारी कंपनीच्या बसची वाट पाहत ही उभी. ती हळूच म्हणाली, "मांगचा नट ढिल्ला हाये. अशीच चढवली तं पुन्हा उतरन."

हा गुरगुरला, "तुला काय कळतं गाडीतलं?"

"मी रोज आठ तास नटच आवळतो ना," ती म्हणाली.

मुलगी असून 'आवळतो' म्हणते, हे ऐकून हा हसला. वऱ्हाडात बायाही असंच बोलतात, हे त्याला कुठं ठाऊक? तो हसत निघाला आणि पुढच्या चौकात चेन पुन्हा उतरली.

दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी हजर. मग रोज. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळी हा तळेगाव चौकात उभा. पण गाडीवर बसायला ती तयार नाही. तिची एकच अट, "पयले तो आवाज बंद करा." त्यानं मूळचा सायलेन्सर परत बसवला. आवाज थांबला तेव्हा आमच्या गल्लीला वाटलं, यानं गाडी विकली.

तिच्याकडून तो एक गोष्ट शिकला, असं तो म्हणतो. टॉर्क रेंचनं नट आवळताना ठरलेल्या जोराला 'कट्' असा आवाज येतो. तिथं थांबायचं. आणखी जोर लावलात तर आटे जातात, आधीच सोडलंत तर नट हादऱ्यानं सुटतो. जोर किती लावायचा हे तिला कळत होतं, त्याला तोवर फक्त लावायचा एवढंच माहीत होतं.

त्याच वर्षाच्या अखेरीस मंदी आली. गाड्यांच्या ऑर्डरी घटल्या आणि कंत्राटी मुलामुलींना एकेक करून घरी पाठवलं गेलं. तिचंही काम गेलं. पाचांपैकी चौघी गावी परतल्या. तिकडे तिच्यासाठी स्थळ पाहिलेलं होतं. पल्सर घेऊन थेट यवतमाळ गाठायचं, असं यानं ठरवलं. तिनं फोनवर सांगितलं, "बसनं या. गाडीवर आले तं बाबा दारातूनच वापस पाठवन." गाडीवर खंडाळ्याचा घाट मजेत चढणारा हा गडी रात्रभर एसटीच्या खिडकीतून ओकत गेला.

तिचे वडील कापूस पिकवणारे शेतकरी. तो पर्मनंट आहे का, हे ते विचारतील म्हणून यानं उत्तर पाठ केलं होतं. त्यांनी वेगळंच विचारलं, "पोरगी काम सोडणार नाही. चालन काय?" पाठ केलेलं सगळं विसरून हा फक्त "चालेल" म्हणाला.

खरा वेढा पुढे पडला, त्याच्या स्वतःच्या घरी. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानासमोर चाकणचा किल्ला जवळपास दोन महिने लढवला. याच्या आईनं घर चौदा महिने लढवलं. म्हणणं एकच, "बाहेरची मुलगी नको."

मित्रांनो, या शब्दाशी मी जरा थांबते. त्या स्वतः करमाळ्याहून लग्न होऊन इथं आलेल्या. आपल्या गावाला नगरपालिका मिळाली १९७०मध्ये, महानगरपालिका १९८२मध्ये. त्या वर्षांत आपले वडील साताऱ्याहून, जळगावहून, लातूरहून एक ट्रंक घेऊन आले आणि कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहिले. दिवाळीच्या सुट्टीत आपला अर्धा वर्ग 'गावाला' जायचा, आणि ते गाव पिंपरी-चिंचवड नसायचं. आपण इथले झालो ते कोणीतरी आपल्याला इथलं म्हटलं म्हणून.

तिला इथलं म्हणायला कारण झाली एक भाजी. पहिल्यांदा घरी आली तेव्हा स्वयंपाकघरातून तिनं याला सांगितलं, "थोडा सांबार आणजा." हा उडप्याकडून पिशवीभर सांबार बांधून घेऊन आला. तिला हवी होती कोथिंबीर. आई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. म्हणाल्या, "याला आता तूच सांभाळ."

'सैराट'मध्ये आर्चीनं बुलेट चालवली ते २०१६ साल. त्याच वर्षाच्या शेवटी बजाजची दणकट डोमिनार आली, आणि ती चाकणला फक्त महिलांच्या लाइनवर जुळवली जात होती. बातमी वाचून हा तिला म्हणाला, "म्हणजे पुरुष गाडी बायकाच बनवतात तर!" ती म्हणाली, "तुमाले आत्ता कळलं?"

आज ती एका कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे. तो चाळीसच्या वर वेग नेत नाही. त्यांची मुलगी आपल्याच शाळेत नववीत आहे, आणि ती कोथिंबिरीला सांबारच म्हणते. बाई, निबंधात तसं आलं तर कृपया गुण कापू नका.

जेवताना त्या दोघांना जरूर भेटा. त्याला गाडीबद्दल विचारू नका, तो थांबणार नाही. तुमच्या गाडीचा काही आवाज येत असेल तर तिला सांगा.