नाव पुसले, वस्त्र बोलले

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवीत होता. व्यक्तिचित्र हा तेव्हा आपल्याकडे दरबाराचा मान होता. त्याच सुमारास जपानच्या एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, कितागावा उतामारो हा चित्रकार चहाच्या दुकानात राबणाऱ्या एका मुलीचे चित्र काढीत होता. तिचे नाव ओकिता.

उतामारोच्या चित्राची एकच प्रत नसे. त्याचे रेखाटन कोरणारा कारागीर चेरीच्या लाकडावर कोरी. छापणारा प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा वापरी. आणि प्रकाशक ते चित्र बाजारात आणी. १७६५ च्या सुमारास ही बहुरंगी छपाई साधली आणि सामान्य नगरवासीही चित्राचा धनी होऊ लागला.

१७९३ च्या सुमाराच्या एका प्रसिद्ध चित्रात उतामारोने तीन तरुणी एकत्र दाखविल्या आहेत : गायिका तोयोहिना, चहा देणारी ओकिता आणि तांदळाच्या कुरकुरीत पापड्या विकणाऱ्याची कन्या ओहिसा. तिघींचे चेहरे प्रथमदर्शनी एकसारखेच भासतात. नाकाडोळ्यांतील फरक फार बारकाईने पाहिल्यावर कळतो. मग ओळख पटावी कशी? ती पटते वस्त्रावरील वा हातातील पंख्यावरील चिन्हाने. ओहिसाचे चिन्ह ओकची तीन पाने, ओकिताचे पाउलोनिया वृक्षाची पानेफुले, तर तोयोहिनाचे प्रिमरोझचे फूल. आपल्याकडे पगडीच्या बांधणीवरून माणसाचा पेशा वा प्रांत कळे, तद्वतच हे होते. किमोनोचा पुढे बांधलेला कमरपट्टा ही पुष्कळदा गणिकेची खूण असे, हेही पाहणारा जाणे.

या खुणांना लवकरच निराळे मोल आले. गणिकांखेरीज अन्य स्त्रियांची नावे चित्रावर छापू नयेत, असा हुकूम १७९३ मध्ये सुटला. उतामारोने नावाचे चित्रकोडे केले. भाजीच्या दोन जुड्या, बाण, समुद्र आणि भातशेत यांचे जपानी उच्चार जोडून वाचले, की ‘नानिवाया ओकिता’ हे दुकानासह तिचे नाव तयार होई! १७९६ मध्ये अशा कोड्यांवरही बंदी आली. तरीही पानाफुलांची ती चिन्हे नाव न उच्चारता ओळख सांगू शकत होती.

मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर आल्या. तेथे मान प्रामुख्याने देवतांचा होता. एदोच्या कागदावर मात्र चहाचा पेला पुढे करणाऱ्या मुलीलाही स्थान होते. सत्तेने तिचे नाव चित्रावरून पुसले. परंतु कोरणाऱ्याच्या हाताने उमटविलेल्या त्या चिन्हामुळे सव्वादोनशे वर्षांनंतरही ओकिता ओकिता म्हणूनच ओळखली जाते.